फेऱ्या वाचवणारा मिस्त्री

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा लिफ्टचा मिस्त्री आहे. गेली सत्तावीस वर्षं तो लोकांना वर-खाली नेणारी यंत्रं दुरुस्त करतोय आणि स्वतः राहतो बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. यावरून मी त्याला लग्नापासून छळत आले आहे. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं, ‘ताई, दिवसभर तिचंच तोंड बघतो. घरी तरी सुटका नको?’ घरीदारी सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात, मीसुद्धा. तोंडावर मी अहो-जाहो करते, पण लिहायला बसले की ‘तो’च येतं. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे, चालायचं.

मिस्त्रीचा कान तयार. मोटर कुरकुरायला लागली की बाकीचे आधी झाकण उघडतात. हा लांब स्क्रूड्रायव्हर काढतो, त्याचं टोक मोटरीला टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटून उभा राहतो. मग सांगतो, ‘डावीकडचं बेअरिंग. अजून दोन महिने काढेल.’ आणि ते बरोबर दोन महिने काढतं. लिफ्टमध्ये कुणी अडकलं असेल तर मात्र तो हत्याराला हातही लावत नाही, आधी बोलायला लागतो. मी कुठे उभा आहे, तुम्ही कुठे आहात, आता काय होणार आहे. अडकलेल्या माणसाला लिफ्ट मारत नाही, घाबरणं मारतं, असं त्याचं म्हणणं.

त्याच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा तो एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर, मशीनच्या खोलीत होता. खाली यायला त्याने नुकतीच स्वतः दुरुस्त केलेली लिफ्ट वापरली, हे त्याने मला नंतर मोठ्या ऐटीत सांगितलं. तीन ठिकाणी रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. छाती उघडून, पायातली नस काढून नवीन वाटा करून दिल्या. तेराव्या दिवशी टाके काढून घरी सोडलं. कामावरच्या चौघांनी खुर्चीत बसवून त्याला तीन जिने वर आणलं आणि त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे तो एकदाही खाली उतरला नाही.

धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासून चौकटीत बसवते. तिला जास्त रजा मिळेना, म्हणून तिसऱ्या दिवशी मी माझी बॅग घेऊन महिनाभराच्या बोलीवर तिथे दाखल झाले. मी शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. राग माझ्या नाकावर असतो आणि निवृत्तीनंतरही तो तिथून हललेला नाही. आजारी माणसाची सेवा करायला मी काही फार योग्य बाई नव्हे, पण दुसरं होतं कोण?

हृदयाच्या डॉक्टरांनी धाकटीला स्पष्ट सांगितलं होतं, की जखम आपोआप भरेल, हृदय मात्र आपोआप सुधारणार नाही. ते कामाला लावावं लागेल. रोज तीन वेळा चालायचं, दर दिवशी एक मिनिट वाढवायचं. तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं, त्यातून श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची. सगळं एका तक्त्यात लिहायचं आणि सहाव्या आठवड्यात दाखवायला यायचं. ‘पडून राहिले तर फुप्फुसात पाणी होईल, पायात गाठी होतील, मग माझ्या हातात काही नाही,’ असं म्हणाले होते. म्हणजे मिस्त्री चालला तर वाचणार होता. न चालला तर त्याचं काही खरं नव्हतं.

चालायला घराबाहेर लांब गॅलरी होती. मी बरोबर निघाले तर म्हणाला, ‘ताई, तुम्ही बघत असलात की नाडी वाढते.’ माझ्या वर्गातली मुलंही असंच म्हणायची, म्हणून मी हसले आणि घरात थांबले. तो घड्याळ घेऊन बाहेर जायचा, दार ओढून घ्यायचा, ठरलेल्या वेळाने आत यायचा आणि तक्त्यात आकडे लिहायचा. धाकटी संध्याकाळी तक्ता बघायची आणि तिचा जीव भांड्यात पडायचा.

माझा मात्र पडत नव्हता. माणूस चालत होता म्हणे, पण दिवसेंदिवस आटत होता. दुसऱ्या आठवड्यात दाढी करणं सोडलं. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. विचारलेल्या प्रश्नाला ‘हं’, नाहीतर तेही नाही. कामावरचे दोघं भेटायला आले तर हा डोळे मिटून पडून राहिला. झोपला नव्हता, पापण्या हलत होत्या. दिवसभर खुर्चीत, तोंड भिंतीकडे, आणि दोन बोटं सतत गळ्याजवळ नाडीवर. त्या भिंतीवर साधं कॅलेंडरसुद्धा नव्हतं. मी एकदा मुद्दाम त्याच्या खुर्चीत बसून पाहिलं. रंगाचा एक पोपडा निघाला होता, तेवढाच.

मला भीती वाटायला लागली. कशाची ते नीट सांगता येत नव्हतं, पण तो बाथरूमला गेला आणि आतून कडी लागली की माझे कान तिकडे लागायचे. मी फडकं घेऊन दाराबाहेरची फरशी पुसायला लागायचे. त्या घरात इतकी चकचकीत फरशी त्याआधी कधी नव्हती. नळाचा आवाज आला की बरं वाटायचं. आवाज थांबला की मी मनात आकडे मोजायचे. धाकटीला म्हटलं तर ती म्हणाली, ‘एवढं मोठं ऑपरेशन झालंय गं ताई, थकलेत.’ तिच्याही आवाजात भीती होती. आम्ही दोघी एकमेकींना ताकास तूर लागू देत नव्हतो.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी मी सहज तक्ता हातात घेतला. माझ्या जन्मभराच्या सवयीने नजर आकड्यांवरून फिरली आणि थांबली. चालण्याआधीची नाडी अठ्ठ्याहत्तर, नंतरची नव्वद. दुसऱ्या दिवशी ऐंशी आणि ब्याण्णव. रोज बरोबर बारा. मी हजारो प्रयोगवह्या तपासल्या आहेत. खरोखर मोजलेला आकडा कधी असा शहाण्यासारखा वागत नाही, एखादा इकडे पळतो, एखादा तिकडे. हे आकडे रचलेले होते. दुपारी तो बाहेर गेल्यावर मी दार किलकिलं करून पाहिलं. मिस्त्री गॅलरीच्या टोकाला, कुणीतरी ठेवलेल्या जुन्या स्टुलावर बसला होता. मान खाली, घड्याळ हातात. बावीस मिनिटं तो जागचा हलला नाही.

आत आल्यावर मी त्याची बिनपाण्याने केली. तीन आठवडे तो मला आणि माझ्या बहिणीला फसवत होता, हे एकच माझ्या डोक्यात होतं. ‘लाज वाटत नाही? ती बिचारी डोळे फोडून काचा घासते आणि तुम्ही स्टुलावर बसून तिला खोटे आकडे दाखवता? मरायचंय का तुम्हाला?’ हे शेवटचं वाक्य मी बोलले. रागाच्या भरात आपण बोलतो तसं.  एक क्षण त्याच्या डोळ्यात काहीतरी चमकलं, मग विझलं. ‘बरं,’ एवढंच म्हणाला आणि पेन टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो गॅलरीत गेलाच नाही. गोळ्यांच्या यंत्राला हात लावला नाही. आदल्या दिवसापर्यंत निदान नाटक तरी करत होता, आता तेही संपलं. ते मी बंद पाडलं होतं. धाकटीला मी काहीच सांगितलं नाही. काय सांगणार? मला माझीच लाज वाटत होती.

गुरुवारी सकाळी ती कामाला गेल्यावर मी दूध आणि ब्रेड आणायला खाली उतरले. दुकान समोरच. जास्तीत जास्त आठ मिनिटं. पण उतरताना वाटायला लागलं की जाऊ नये, आणि परत येताना मी जिना अक्षरशः पळत चढले, एकसष्टाव्या वर्षी. दार उघडलं. खुर्ची रिकामी होती. खोलीत नाही, स्वयंपाकघरात नाही, गॅलरीत नाही. बाथरूमचं दार आतून बंद आणि नळाचा आवाज नाही.

‘मिस्त्री!’

 मी दार वाजवलं. मग दोन्ही हातांनी बडवलं. दुधाची पिशवी कुठे पडली ते कळलं नाही. शेजारी बोलावू की दार तोडू, तोडू तर कशाने, असं सगळं एकदम डोक्यात आलं आणि एकही गोष्ट सुचेना. बत्तीस वर्षं मी वर्गावर हुकूमत गाजवली होती. त्या दारासमोर मला रडू फुटलं.

‘ओरडू नका ताई,’ आतून आवाज आला. ‘ऐकू येत नाहीये.’

कडी निघाली. मिस्त्री फरशीवर बसला होता. शर्टाची बटणं उघडी, छातीवरचा तो लांब लाल व्रण, आणि हातात रबरी नळीचा हातभर तुकडा. नळीचं एक टोक कानाला, दुसरं छातीला. मला इतका राग आला आणि इतकं बरं वाटलं, की मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

‘काय ऐकताय?’

‘फेऱ्या.’

मग तो बोलला. तीन आठवड्यांत बोलला नव्हता इतकं, हळू आवाजात, शब्द मोजून. प्रत्येक लिफ्टच्या पॅनेलवर एक आकडा असतो, आजवर किती फेऱ्या झाल्या त्याचा. तारेचा दोर ठरावीक फेऱ्या चालतो, मग बदलावा लागतो. नवीन दोर यायला उशीर असेल तर मिस्त्री लोक एक युक्ती करतात. दुपारी लिफ्ट बंद ठेवतात, पहिल्या दुसऱ्या मजल्यावर थांबूच देत नाहीत. फेऱ्या वाचवतात आणि दोन-तीन महिने ओढतात.

‘माझा दोर नवीन नाही ताई. माझ्याच पायातली जुनी तार काढून छातीत घातलीय. बावन्न वर्षांची. चाललं की मिनिटाला वीस ठोके जास्त जातात. बोललं की जातात. हसलं की जातात. मी मोजलंय.’

‘म्हणून तुम्ही चालत नाही?’

‘वाचवतोय.’

हसावं की डोकं आपटावं ते मला कळेना. पण उत्तर मला माहीत होतं. मी विज्ञान शिकवलेली बाई! ‘मिस्त्री, एखादी लिफ्ट वर्षभर बंद ठेवली तर दोराचं काय होतं?’

‘गंजतो,’ तो लगेच म्हणाला. ‘चाकावर ज्या जागी थांबला असेल तिथे वाक धरतो. ब्रेक चिकटून बसतात.’

‘मग?’ मी जिंकल्यासारखी म्हणाले.

‘मला माहीत नाही का हे?’ त्याने नळी खाली ठेवली. ‘तुमच्याआधी माहितीये. कळतंय सगळं. उठवत नाही. मरायची भीती वाटते म्हणून वाचवतोय, आणि कशासाठी वाचवतोय ते आठवत नाही.’

 एक प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. मंगळवारी तोच मी रागात फेकला होता, आता खरा विचारायला जीभ उचलेना. विचारलं तर नसलेला विचार आपणच त्याच्या डोक्यात भरवू, अशी माझी समजूत होती. मी त्याच्या शर्टाची बटणं लावली आणि धाकटीला फोन केला. तिने दुकानातूनच हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ‘ऑपरेशननंतर पुष्कळांना होतं हे. आजच घेऊन या, शेजारीच मनाच्या डॉक्टर बसतात.’

आजच घेऊन या म्हणणं सोपं होतं. चोपन्न पायऱ्या होत्या.

धाकटी टॅक्सी घेऊन आली. मिस्त्री छातीशी उशी धरून जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला, घाम फुटलेला, ओठ पांढरे. त्याला खुर्चीतून न्यायला चार माणसं मिळाली असती, पण तो नको म्हणाला. पहिला मजला उतरायला अकरा मिनिटं लागली. प्रत्येक पायरीवर थांबून नाडी बघायचा. धाकटी मागून ‘झालं, झालं’ म्हणत होती आणि ऐकताना माझाच धीर सुटत होता. दुसऱ्या वळणावर तो भिंतीला पाठ लावून खाली बसला.

‘मी परत जातो.’

‘का?’

‘खाली गेलं की वर यावं लागतं.’

 मी एक पायरी खाली उतरले आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिले.  जे सुचलं ते बोलले. ‘मिस्त्री, मी तुमच्या एक पायरी खाली आहे. धाकटी तुमच्या मागे आहे. अजून सत्तावीस पायऱ्या आहेत. आता फक्त एक उतरायची आहे. मग मी सांगेन.’

 ‘हे माझं बोलणं आहे,’ तो म्हणाला.

‘मग पुढचं तुम्हाला पाठ असेल.’

‘घाबरू नका असं कधी म्हणत नाही मी,’ तो म्हणाला. ‘त्याने माणूस जास्त घाबरतो.’

‘मी म्हटलं का?’

तो उठला.

मनाच्या डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्याच असतील. अंगठ्याला पट्टी बांधलेली, समोर थंडगार झालेला चहा. त्यांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, सकाळी जास्त वाईट वाटतं की संध्याकाळी ते विचारलं. आणि चहात साखर किती, असं विचारावं तितक्या सहज विचारलं, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’

धाकटीने माझा हात धरला. मिस्त्री फरशीकडे बघत होता.

‘येतं,’ तो म्हणाला.

‘कधीपासून?’

मला राहवलं नाही. ‘मंगळवारपासून,’ मी म्हणाले. ‘मी ओरडले होते त्यांना. नको ते बोलले होते.’

‘नाही ताई.’ त्याने मान वर केली. ‘मंगळवारी राग आला होता तुमचा. महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी आलं होतं. तेही राहिलं नाही.’ मग डॉक्टरांकडे वळून म्हणाला, ‘टाके काढले त्या दिवसापासून.’

‘त्या दिवशी?’ धाकटीचा आवाज फाटला. ‘त्या दिवशी तर तुम्ही हसत होता! खुर्चीतून वर आणत होते तेव्हा म्हणालात, बघा, इमारतीला शेवटी लिफ्ट मिळाली. सगळे किती हसलो आपण!’

‘हो,’ तो म्हणाला. ‘तुम्ही सगळे इतके खूश होता.’

 धाकटी रडत होती. मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं आणि छातीशी धरलेली उशी तिच्या हातात दिली. उशीचं काय करायचं ते तिला कळलं नाही, तिने ती मांडीवर घेतली.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाल्या, आणि तोवर घरातली सगळी औषधं कपाटात बंद, बाथरूमची कडी काढून टाकायची, यांना एकटं ठेवायचं नाही, दर तीन दिवसांनी बोलायला यायचं. निघताना मला बाजूला घेतलं. ‘विचारत जा,’ म्हणाल्या. ‘विचारल्याने हा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. असलेला बाहेर मात्र येतो.’ मी जन्मभर मुलांना प्रश्न विचारले आणि नेमका हा एक विचारायला घाबरले, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

याला आता आठ महिने झाले. महिन्याची बोली होती, मी तीन महिने राहिले. मिस्त्री चालायला लागला, एकदम नव्हे. दोन दिवस चालायचा, चार दिवस भिंतीकडे तोंड करून बसायचा, पुन्हा उठायचा. सहाव्या आठवड्यातली तपासणी वाईट निघाली, चौथ्या महिन्यातली बरी. आता तो अर्धा दिवस कामावर जातो, नवीन पोरांना शिकवतो. दाढी करतो, जेवतो, विनोद करतो. लोक म्हणतात, मिस्त्री पहिल्यासारखा झाला.

मला मात्र त्याच्या हसण्याची भीती बसली आहे. तो रडला, चिडला, गप्प बसला तर मी निभावून नेते. हसला की ते जमत नाही. म्हणून मी विचारते, समोर असले तर समोर, नाहीतर फोनवर. ‘हे हसू खरं की आमच्यासाठी?’ सुरुवातीला वैतागायचा. मग सवय झाली. ‘खरं आहे हो ताई, परीक्षा पुरे,’ म्हणतो, आणि मी पुढचं बोलायला लागते.

गेल्या रविवारी सकाळी फोन केला. त्याने मला एक लांबलचक किस्सा सांगितला. एक नवरा-बायको भांडत लिफ्टमध्ये शिरले, अडकले, आणि याने दार उघडलं तरी भांडण पूर्ण झाल्याशिवाय बाहेर यायला तयार होईनात. छान रंगवून सांगितलं. सांगून झाल्यावर हसला. मीही हसले, आणि हसता हसता विचारलं.

पलीकडचं हसू थांबलं. 

‘आज तुमच्यासाठी, ताई,’ तो म्हणाला.

‘धाकटी कुठे आहे?’

‘इथेच. आंघोळीला गेलीय.’

‘तिला हाक मारा. मला ऐकू येईल अशी मारा.’ त्याने मारली. तिने ओ दिली. ‘आता असेच बोलत राहा,’ मी म्हणाले आणि फोन कानाला तसाच धरून माझ्या घराला कुलूप लावलं. ‘मी जिन्यात आहे. आता खाली रस्त्यावर आले. चौकातून टॅक्सी घेतेय. वीस मिनिटं लागतील.’